भिंतीतला पहारेकरी

निसिबिसमध्ये दोन गोष्टी फुकट मिळायच्या, पांढरे गुलाब आणि विंचू. तिसरी फुशारकी, ती तर न मागता मिळायची. दोन राज्यांच्या शिवेवरचं गाव. पूर्वेला इराणचा शहा, पश्चिमेला रोमचा सम्राट, आणि मधे आम्ही, दोघांच्या व्यापाऱ्यांकडून जकात घेणारे आणि दोघांनाही नावं ठेवणारे. शहानं तीनदा वेढा घातला आणि तिन्ही वेळा हात हलवत परत गेला. मग आमचं शेंबडं पोरसुद्धा छाती काढून चालायला लागलं, तर त्यात नवल ते काय?

या सगळ्या फुशारकीत शमूनीचा वाटा मोठा होता आणि तो कुणी नाकारतही नव्हतं. गुर्या गवंड्याची ही बायको. रोज दिवेलागणीला ती तेलाचा दिवा घेऊन पूर्वेच्या तटाशी जायची. तिथे भिंतीचा एक पट्टा उरलेल्या भिंतीपेक्षा वेगळा दिसतो, दगड ओबडधोबड, सांधे वाकडेतिकडे, कारण तो रातोरात बांधलेला. त्या पट्ट्यात आपल्या छातीच्या उंचीवरच्या एका दगडावर ती तीनदा टकटक करायची आणि विचारायची, "यौनान, जागा आहेस ना?" मग थोडं थांबून स्वतःच म्हणायची, "जागा आहे."

ही पहाऱ्यावरची रीत होती. तटावर शिपाई असायचेच, पण आमच्या गावात प्रत्येक घरातला एक माणूस पाळीनं पहाऱ्याला उभा राहायचा. पाळी बदलताना नवा माणूस भाल्याच्या दांड्यानं दगडावर तीन ठोके द्यायचा आणि विचारायचा, जागा आहेस? जुना म्हणायचा, जागा आहे. मग नवा म्हणायचा, जा, नीज. हे शेवटचे दोन शब्द ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग पाऊस असो, ताप असो, नाहीतर घरी बायको बाळंत होत असो. शमूनी पहिले दोन बोल बोलायची. तिसरा तिनं तेरा वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता.

यौनान तिचा एकुलता एक मुलगा. शहाचा तिसरा वेढा पडला तेव्हा विशीतला होता, बापाच्या हाताखाली भिंती बांधायला शिकत होता. त्या वेढ्यात शहानं आमचीच नदी बांध घालून अडवली आणि तुंबलेलं पाणी एकदम तटावर सोडलं. भिंतीचा एवढा मोठा लचका तुटून पडला की बाहेरचे हत्ती आतून दिसायला लागले. नशीब असं, की त्याच पाण्यानं चिखल झाला आणि हत्ती पोटापर्यंत रुतले. गावातली सगळी माणसं त्या भगदाडात उभी राहिली. दिवस मावळता मावळता यौनानच्या गळ्यात बाण लागला. पाण्याचा घोटही न घेता गेला तो.

आता प्रेत ठेवायचं कुठे? आमची दफनभूमी वेशीबाहेर, अमिदा शहराच्या रस्त्याला. मेलेल्या माणसाला तटाच्या आत पुरायचं नाही हा रोमचा जुना कायदा. तो कायदा गावानं एकदाच धाब्यावर बसवला होता, तो थोरल्या बिशपांसाठी. पहिल्या वेढ्यात ते तटावर चढून प्रार्थना करत बसले आणि डासांचे लोटच्या लोट उठून शहाच्या हत्तींच्या सोंडेत शिरले, असं गाव सांगतं. अमिदाचे लोक आम्हाला अजून चिडवतात, डासांनी वाचवलेलं गाव म्हणून. चिडवू देत. थोरले गेले तेव्हा लोकांनी हट्टानं त्यांना पूर्व वेशीच्या आत पुरलं, आणि तेव्हापासून समजूतच झाली की थोरले तिथे आहेत तोवर शहाचं पाऊल आत पडणार नाही.

त्या संध्याकाळी तेव्हाच्या बिशपांनी शमूनीला समजावलं होतं. म्हणाले, मुलाला चर्चच्या तळघरात ठेवू, वेढा उठला की बाहेर नेऊन नीट माती देऊ. शमूनीनं ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. ती म्हणाली, "माझा मुलगा बाहेर जायचा नाही. थोरल्यांसारखा तोही आतच राहील. भिंतीत घाला त्याला. आणि उभा ठेवा, पूर्वेकडे तोंड करून. तो पहारा देईल." भगदाड बुजवायला गाव धावत होतं, दारं, पाटे, घोड्यांच्या पाण्याची दगडी कुंडं, हाताला लागेल ते भिंतीत जात होतं. वाद घालायला कुणाला वेळ होता? गुर्या बायकोकडे नुसता बघत राहिला. मग त्यानं मुलाला खांद्यावर घेतलं, सगळ्यांना लांब जायला सांगितलं आणि तेवढा भाग एकट्यानं बांधला. पहाट झाली तेव्हा शहाला तिथे भिंत दिसली.

वेढा उठला. शमूनी रडली नाही ती नाहीच. रडायचं कशाला, तिचा मुलगा कामावर होता. नदीवर, भट्टीवर, चर्चच्या पायऱ्यांवर ती मान ताठ करून वावरायची. शेजारच्या ताबिताचा नवरा त्याच वेढ्यात तापानं गेला आणि पुढे बाहेरच्या दफनभूमीत पुरला गेला. तिला शमूनी एकदा भर भट्टीवर म्हणाली होती, "तुझा बाहेर गं, माझा आत. फरक आहे." ताबितानं भाकरी थापता थापता ते ऐकून घेतलं आणि विसरली नाही.

गुर्या मात्र या विषयावर कधी बोलायचा नाही. दिवेलागणीला तो बायकोबरोबर तटापर्यंत जायचा, जरा बाजूला उकिडवा बसायचा आणि पायथ्याच्या दगडांवर हात ठेवून गप्प राहायचा. वेढ्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो अंगरख्याशिवाय कुडकुडत हिंडत होता. जाड लोकरीचा, त्याच्या बापाचा अंगरखा. कुठे गेला म्हणून शमूनीनं विचारलं तर म्हणाला, "पुरात गेला." शमूनीनं त्यावरून त्याला चार दिवस बोल लावले.

आणि मग तेराव्या वर्षीचा तो उन्हाळा आला. सम्राट मोठी फौज घेऊन इराणवर गेला होता, तो तिकडेच मारला गेला. फौजेनं घाईघाईनं दुसरा सम्राट केला. फौज उपाशी, वाट अडलेली. शहा म्हणाला, वाट देतो, निसिबिस द्या. नव्या सम्राटानं दिलं. लढून नाही, हरून नाही, बाजारात गाढव द्यावं तसं दिलं. ज्या गावानं तीन वेढे अंगावर घेतले त्या गावाला कुणी विचारलंसुद्धा नाही. हे लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते.

दवंडी पिटली तेव्हा शमूनी भट्टीवर होती. तीन दिवसांत गाव रिकामं करायचं, माणसांनी न्यायचं ते न्यावं, गाव शहाच्या हवाली होणार. बायका हंबरडा फोडायला लागल्या. शमूनी म्हणाली, "काय रडताय? येऊ दे की शहाला. भिंत आहे, थोरले आहेत, माझा यौनान आहे. तीनदा परतवला, चौथ्यांदा परतवू."

"अगं बाई, आता दार आपलेच लोक आतून उघडणार आहेत," ताबिता म्हणाली. "तुझा यौनान काय करणार त्याला?"

गावातले मोठे लोक सम्राटाच्या छावणीत गेले, पाया पडले. म्हणाले, आम्हाला फौज नको, धान्य नको, फक्त नाही म्हणू नका, आम्ही आमचे लढतो. सम्राट म्हणाला, शपथ घेतली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शमूनी पाणी भरायला निघाली तर बालेकिल्ल्यावर इराणचं निशाण फडकत होतं. ती घडा घेऊन तशीच घरी परतली.

गुर्या अंगणात हत्यारं बांधत होता. अंजिराच्या झाडाला फळं धरली होती, अजून कच्ची.

"अहो," ती म्हणाली, "छिन्नी वर राहू द्या. यौनानला काढायचाय."

गुर्या हातोड्याभोवती दोरी गुंडाळत राहिला.

"ऐकलंत का? त्याला इथे ठेवून मी जायची नाही. तुम्हीच बांधलंय, तुम्हीच काढा. छातीच्या उंचीवरचे दगड सैल केले की..."

"तहात आहे ते," गुर्या म्हणाला. "गाव तटासकट द्यायचं. एक दगड पडला तर बाहेर जाणाऱ्यांना इराणी अडवतील आणि गुलाम करून नेतील. दवंडीत सांगितलं की."

"एक माणूस निघेल एवढंच भोक."

"शमूनी, त्या पट्ट्यात सगळं एकमेकावर तोललेलं आहे. दारं, कुंडं, काय काय घातलंय. एक काढलं की वरचं सगळं खाली येईल. मी घाईत बांधलं होतं."

"मग तेव्हाच मला सांगायचंत!"

"तेव्हा तू ऐकलं असतंस?"

ती चुलीपाशी जाऊन बसली. तिच्या मनात पहिल्यांदाच आलं की, यौनान भिंतीत आहे आणि भिंत आता शहाची आहे. म्हणजे उद्यापासून तो पहारा कुणाचा देणार? गेल्या वेळी ज्यांनी त्याच्या गळ्यात बाण मारला, त्यांच्या पोराबाळांची झोप तो राखणार? तिनं तोंडाला पदर लावला आणि तशीच बसून राहिली.

दुपारी ती वेशीबाहेर गेली. दफनभूमीत जत्रेसारखी गर्दी होती. दफनभूमीबद्दल तहात काही नव्हतं, त्यामुळे ज्याला जमेल तो आपली माणसं उकरून काढत होता. कुणी हाडं नव्या कापडात गुंडाळत होतं, कुणाला काहीच सापडलं नाही म्हणून मूठभर माती बांधून घेत होतं. ताबिता एका खड्ड्याच्या काठाला बसली होती. मांडीवर गाठोडं.

"मिळाला?" शमूनीनं विचारलं.

"मिळाला. केवढासा झालाय बघ. जिवंतपणी दाराच्या चौकटीला डोकं आपटायचं त्याचं." ताबितानं गाठोडं जरा हलवून नीट घेतलं आणि म्हणाली, "तुझा आत, माझा गाठोड्यात. फरक आहे, नाही का?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. उठून शमूनीचा हात धरायला गेली. शमूनीनं हात काढून घेतला नाही, पण हातात जीवही नव्हता. ती म्हणाली, "बोल गं. मी बोलले तेव्हा तू ऐकलंस."

तिथून ती थेट पूर्व वेशीशी गेली. थोरल्या बिशपांची कबर उघडलेली होती. व्रतस्थ बायका ओळीनं उभ्या राहून स्तोत्रं म्हणत होत्या, पण सुरात सूर लागत नव्हता, कारण निम्म्या रडत होत्या. देवदाराच्या पेटीत थोरल्यांची हाडं ठेवत होते. आत्ताचे बिशप कबरीच्या दगडावर टेकून उभे होते. म्हातारा माणूस, या दोन दिवसांत आणखी वाकलेला. त्यांचं आसन, त्यांचं चर्च, नवा बाप्तिस्म्याचा मंडप, सगळं मागे राहणार होतं. गाव नाही तर गावाचा बिशप कशाचा, हे त्यांच्याही मनात येत असणारच.

"स्वामी," शमूनी म्हणाली, "थोरल्यांना नेताय. मग माझ्या लेकराला का नाही?"

"थोरले मातीत आहेत, बाळ. तुझा लेक भिंतीत आहे."

"थोरले निघाले की भिंत राखायची कुणी? तो एकटाच उरला."

बिशपांनी तिला हाताला धरून बाजूला नेलं. "बस इथे," ते म्हणाले.

"बसत नाही. मला एवढंच सांगा. त्या दिवशी तुमच्या आधीचे स्वामी मला सांगत होते, तळघरात ठेव, मग बाहेर नेऊ. मी ऐकलं नाही. तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो. साधा पुरोहित होतो तेव्हा. दगड वाहत होतो."

"मग माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?"

बिशप म्हणाले, "खरं सांगू? आम्हालाही ते बरं वाटलं होतं. सगळे घाबरलेले. तू म्हणालीस तो उभा राहील, आणि ते ऐकून आमच्याही पायात बळ आलं. आम्ही तुझ्या लेकराचं बळ घेतलं, शमूनी, आणि तुला कुणी अडवलं नाही. ही चूक तुझ्या एकटीची नाही. पण ती आता माझ्यानं दुरुस्त होत नाही."

"मग मी काय करू?"

"त्याला मोकळं कर. तूच त्याला पहाऱ्यावर उभा केलास, आता सोडव. ते दोन शब्द म्हण आणि चल आमच्याबरोबर. अमिदाला रोज वेदीवर आधीच्या बिशपांची नावं घेऊ, तिथे मी यौनानचंही नाव घेईन."

"शहाच्या भिंतीत त्याला नीज म्हणू?"

"शहाच्या भिंतीत जागं राहण्यापेक्षा ते बरं नाही का?" बिशप म्हणाले आणि पेटीकडे वळले, कारण माणसं त्यांना हाका मारत होती.

त्या संध्याकाळी शमूनी दिवा घेऊन गेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गुर्यानं वाट पाहिली, मग दिवा तसाच विझवून ठेवला आणि तेल कुपीत परत ओतलं. वाटेत लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून गाव वाहायला लागलं. गाड्या थोड्या, माणसं फार. जिच्यापाशी गाढव ती राणी. लोकांनी दारं लावून घेतली, काहींनी कुलुपंही लावली, आणि किल्ल्या गळ्यात अडकवल्या. रेशमाच्या व्यापाऱ्यांनी गाठोडी टाकून पाण्याच्या कातडी पिशव्या भरून घेतल्या. पुढे थोरल्यांची पेटी, मागे बिशप, त्यांच्यामागे सगळे. गुर्यानं हातगाडीत हत्यारं, दोन गोधड्या, मसुराची पिशवी आणि शमूनीचं जातं ठेवलं.

"जातं नको," ती म्हणाली. "जड होईल."

"राहू दे. तिकडे काय हातानं दळणार?"

वेशीच्या अलीकडे तिनं गाडीला हात लावून थांबवलं. "मी आले," म्हणाली आणि तटाकडे वळली. गुर्यानं पाहिलं तर तिच्या पदराखाली छिन्नी होती. त्यानं गाडी तिथेच सोडली.

तटाच्या पायथ्याशी रोमचे शिपाई उभे होते. आमचेच शिपाई, आमच्याच लोकांपासून भिंत राखायला. शमूनीनं छातीच्या उंचीवरच्या त्या दगडाच्या सांध्यात छिन्नी घातली आणि हातातल्या धोंड्यानं एक घाव घातला. चुना उडाला. एक शिपाई ओरडत धावला. कुठल्याशा थंड मुलखातला गोरापान पोरगा होता, आमची भाषा त्याला येत नव्हती. तिला धरायला गेला तर तिनं त्याच्या हाताचा चावा घेतला.

गुर्या मधे पडला. त्यानं तिचं मनगट धरलं. "सोड. शमूनी, सोड ती."

"तुम्ही नाही तर मी काढते!"

वेशीकडे जाणारे लोक थांबले होते. ताबिताची सून गाडीत पडून होती, दिवस भरलेले. ताबिता गाडीतून उतरून आली. ती ओरडली नाही. शमूनीच्या पुढ्यात येऊन म्हणाली, "शमूनी, माझी सून उद्या परवा बाळंत होईल. तू दगड काढलास तर ते पोर इराणात गुलाम म्हणून जन्मेल. तुला पाहिजे असेल तर काढ. मी तुला काही म्हणायची नाही."

शमूनीनं गाडीकडे पाहिलं. पोरीनं भीतीनं ओठ चावून धरले होते. छिन्नी शमूनीच्या हातातून खाली पडली. गुर्यानं ती उचलून शिपायाला दिली, आणि त्या पोरानं ती काय करायची ते न कळून परत गुर्यालाच दिली.

"मला एक घडीभर उभं राहू द्या," शमूनी म्हणाली.

तिनं दगडावर तीनदा टकटक केली. "यौनान, जागा आहेस ना?" आवाज नेहमीसारखाच निघाला. "जागा आहे," तिनंच म्हटलं. आता पुढचे दोन शब्द. ओठ हलले. पण हे शब्द म्हटले की संपलं. मग तो पहारेकरी उरणार नव्हता. बाण लागलेला, चिखलानं माखलेला, पाणी न पिता गेलेला मुलगा तेवढा उरणार होता, आणि त्या मुलाकडे तिनं या सगळ्या वर्षांत एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शिंग वाजलं. पूर्व वेशीपाशी इराणी घोडेस्वार दिसायला लागले होते. लोक एकदम ढकलाढकली करायला लागले, त्या शिपाई पोरानं तिला दंडाला धरून रस्त्यावर आणलं, आणि गर्दीनं तिला वेशीबाहेर काढलं. तिनं मागे पाहिलं तेव्हा दगड कुठला ते ओळखूसुद्धा येत नव्हतं.

अमिदाचा रस्ता धुळीचा. पुढून थोरल्यांच्या पेटीमागचं स्तोत्र मधूनच ऐकू यायचं आणि विरायचं. शमूनी हातगाडीच्या कडेला धरून चालत होती. दिवसभर तिनं भाकरीला हात लावला नाही. गुर्यानं दोन खजूर तिच्या हातात ठेवले, ते तसेच मुठीत घेऊन ती चालली.

ऊन उतरलं. लोकांनी ओढ्याच्या काठी गाड्या सोडायला सुरुवात केली. दिवेलागण झाली तशी शमूनी वाटेतच उभी राहिली.

"सांगितलंच नाही त्याला मी," ती म्हणाली.

"काय?"

"नीज म्हणून. स्वामींनी सांगितलं होतं. माझ्या तोंडून निघालंच नाही. तो उभाच आहे हो तिकडे. सगळे निघून आले आणि तो उभा आहे. तुम्ही माझं ऐकलंत कशाला? मी वेडी झाले होते. मी म्हटलं आणि तुम्ही माझ्या लेकराला दगडात उभा केलात! तेरा वर्षं त्याला पाठ टेकू दिली नाही मी."

गुर्यानं हातगाडीचे दांडे खाली ठेवले. दोन्ही हात अंगाला पुसले. तो एवढा वेळ घेत होता की ती त्याच्याकडे बघायला लागली.

"तो उभा नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"मी उभा केला नाही त्याला. आडवा निजवला. अगदी खाली, पायथ्याच्या थरात. माझ्यानं नाही झालं ते. उशाला अंगरखा दिला. बाबांचा, तो लोकरीचा. मग वर बांधत गेलो."

शमूनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला त्याचा हात आठवला, रोज संध्याकाळी पायथ्याच्या दगडांवर टेकलेला. ती छातीच्या उंचीवर टकटक करायची तेव्हा तो बाजूला उकिडवा बसलेला असायचा.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला तो उभा हवा होता. त्यावरच तू उभी होतीस. मला वाटलं, सांगितलं तर तू पडशील. म्हटलं वर्षभरानं सांगू. मग पुढच्या वर्षी म्हटलं. मग राहूनच गेलं. सांगायला पाहिजे होतं मी. तुझ्याबरोबर बसून एकदा रडायला पाहिजे होतं."

ओढ्यावर कुणीतरी चूल पेटवली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कुठल्या कुशीवर निजवलात?"

"उजव्या. तो निजायचा तसाच."

"आणि पाय?"

"पोटाशी घेतले. तसेच घ्यायचा ना तो."

शमूनीच्या मुठीतले खजूर धुळीत पडले. ती रस्त्याच्या मधोमध खाली बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की पुढच्या गाड्यांचे बैल थबकले. गुर्या तिच्याजवळ बसला. तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या, आणि मग त्याच मुठींनी त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला.

मागून अमिदाचा एक गाडीवान येत होता, निसिबिसच्या लोकांना मदत म्हणून पाठवलेला. त्यानं बैल थांबवले आणि वाकून विचारलं, "काय झालं हो, बाबा?"

"आमचा मुलगा गेला," गुर्या म्हणाला.

"अरे देवा. कधी?"

गुर्यानं शमूनीच्या पाठीवर हात ठेवला.

"आत्ताच," तो म्हणाला.